डब्ल्यूपीएसचं बटण: नऊ महिने वापरलं, आता बंद केलंय

नवा राउटर घेतला तेव्हा मागचं डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण वाय-फायला जोडायचं बटण मला फार आवडलं होतं. आमचं घर सांगलीतलं, जाड भिंतींचं. माडीवर रेंज पोचत नव्हती म्हणून रिपीटर घेतला. राउटरचं बटण दाबायचं, जिना चढून रिपीटरचं दाबायचं, की मिनिटभरात हिरवा दिवा. पहिल्या दिवशी घाईत रिपीटर आणि प्रिंटर दोन्हींची बटणं एकदम दाबली, तर एकही जोडला गेला नाही. मला वाटलं राउटरच खराब निघाला. पण बटण दाबल्यावर दोन मिनिटं दार उघडं असतं, आणि तेवढ्यात दोघे जण आत येऊ पाहत असतील तर आपला कोणता हे राउटरला कळत नाही, म्हणून तो दोघांनाही परत पाठवतो. हे कळल्यावर त्याच्यावरचा विश्वास उलट वाढला.

तो विश्वास चौथ्या महिन्यात डळमळला. पुढच्या खोलीत मी बारावी आणि डिप्लोमाच्या मुलांना गणित शिकवते, राउटर तिथेच फळीवर असायचा. एकदा जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली तर अकरा नावं. त्यातली आमची सहा. विचारल्यावर एका मुलाने सरळ सांगितलं, "मॅडम, पासवर्ड विचारलाच नाही. बटण दाबलं आणि लॅपटॉप जोडला." बटण दाबल्यावर राउटर आपला खराखुरा पासवर्डच त्या लॅपटॉपला देतो, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये तो वाचता येतो. तिथून तो चार मित्रांच्या मोबाइलवर गेला. मुलावर मी रागावले नाही. बटण सगळ्यांच्या हाताशी मीच ठेवलं होतं.

पासवर्ड बदलला, बटण बंद केलं. तरी डब्ल्यूपीएसचा पिन, म्हणजे बटणाऐवजी आकडा टाकून जोडायची सोय, चालूच होता! या राउटरच्या सेटिंगमध्ये बटण आणि पिन बंद करायच्या दोन वेगळ्या खुणा आहेत, वेगळ्या पानांवर. पिन राउटरच्या बुडाशी छापलेला, आठ अंकी. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता असं वाटतं. पण शेवटचा अंक आधीच्या सातांवरून काढलेला असतो, म्हणजे एक कोटी. त्यातही पहिले चार चुकले की नंतरचे, हे राउटरच्या उत्तरावरून बाहेरच्याला कळतं. मग गुणाकार उरत नाही, बेरीज होते: १०,००० अधिक १,०००. फार तर ११,००० प्रयत्न! सुरक्षा संशोधक स्टेफान फीबॉक यांनी हे डिसेंबर २०११ मध्ये दाखवून दिलं. वर्गात फळ्यावर मांडलं तेव्हा मुलं गप्पच झाली. नवे राउटर काही चुकांनंतर पिन अडवतात, पण २०१४ मध्ये आणखी एक वाट सापडली: काही चिपांचे यादृच्छिक, म्हणजे अंदाज लागू नयेत असे आकडे इतके कच्चे होते की एकाच प्रयत्नातल्या देवाणघेवाणीवरून पिन शोधता यायचा. आणि पिन हाती लागला की पासवर्ड वीस अक्षरांचा ठेवा नाहीतर रोज बदला, राउटर नवा पासवर्ड आपण होऊन सांगतो.

आता डब्ल्यूपीएस पूर्ण बंद आहे. डब्ल्यूपीए ३ (वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत) एकटं चालवायचं होतं, पण प्रिंटर जुना, त्याला डब्ल्यूपीए २ लागतं, म्हणून २ आणि ३ मिश्र ठेवलंय. यात एक उणीव राहते. डब्ल्यूपीए २ ने जोडणाऱ्या उपकरणाची सुरुवातीची बोलणी कोणी टिपून नेली, तर तो घरी बसून निवांत पासवर्ड ताडून पाहू शकतो. डब्ल्यूपीए ३ मध्ये तसं करता येत नाही. म्हणून पासवर्ड लांबलचक ठेवलाय. मुलांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांचं वेगळं वाय-फाय आहे. त्याचा पासवर्ड फळ्यावर लिहिते आणि दर महिन्याच्या एक तारखेला बदलते. आईच्या मोबाइलला क्यूआर कोड दाखवून जोडलं. त्या कोडमध्ये पासवर्ड उघडाच असतो, तेव्हा तो छापून भिंतीला लावू नका.

बटण गेल्याचा त्रास एकदाच झाला: रिपीटरला नवा पासवर्ड हाताने भरताना वीस मिनिटं गेली. राउटर आता माडीच्या कपाटावर आहे आणि रेंजही सुधारली. वेग, टिकाऊपणा याबद्दल तक्रार नाही. रेटिंगमधला एक तारा कापलाय तो पिन चालू ठेवून डबा विकल्याबद्दल.