क्रोनो ट्रिगर, फायनल फँटसी, ड्रॅगन क्वेस्ट: कोणता रिमेक कशावर खेळायचा?

जुनी आरपीजी (पात्रं वाढवत कथा खेळायचा गेम) पुन्हा खेळायची म्हटलं की पहिला प्रश्न असतो, कोणतं यंत्र घेऊ? तो बाजूला ठेवा. आधी गेम ठरवा, मग त्याचा कोणता रिमेक ते ठरवा, यंत्र त्यातूनच ठरतं. एकाच नावाचे दोन रिमेक हातात घेतले की दोन वेगळे गेम वाटतात, आणि इथेच लोक फसतात.

फायनल फँटसी फोर घ्या. मूळ गेम 1991 चा, सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रावरचा. डीएसवरचा (निन्टेन्डोचं दोन पडद्यांचं हातातलं यंत्र) थ्रीडी रिमेक 2007 मध्ये जपानात आला आणि तो मुद्दाम अवघड केलेला आहे. सुरुवातीच्या मिस्ट ड्रॅगन या मोठ्या शत्रूपाशीच ते कळतं. तो धुक्यात गेला की हात आवरायचा. तरी वार केलात तर कोल्ड मिस्टचा उलटा तडाखा सगळ्या संघाला बसतो. मूळ गेममध्येही हे होतंच, पण थ्रीडीत ही चूक फार महाग पडते. शिवाय यात ऑगमेंट आहेत, म्हणजे एकाचं कौशल्य दुसऱ्याला देता येतं. संघ सोडून जाणाऱ्या पात्राला तुम्ही आधी किती ऑगमेंट दिलेत, त्यावर ते जाताना मागे काय ठेवतं हे ठरतं. हे ठाऊक नसलं तर माणूस सगळे जपून ठेवतो आणि चांगली कौशल्यं हातची जातात.

2011 ची पीएसपी (सोनीचं हातातलं यंत्र) आवृत्ती टूडी आहे. तिच्यात पुढची कथा 'द आफ्टर इयर्स' आणि दोन्हींना जोडणारा छोटा भागही मिळतो. निन्टेन्डो स्विचवरच्या पिक्सेल रीमास्टर या टूडी आवृत्तीत (2023) मधल्या आवृत्त्यांनी जोडलेल्या जादा गुहा नाहीत, पण वाटेतल्या लढाया बंद करता येतात आणि अनुभवाचे गुण चौपटीपर्यंत वाढवता येतात. रोज अर्धा तासच मिळत असेल तर डोळे मिटून पिक्सेल रीमास्टर घ्या. कथा पाठ आहे आणि लढाईच हवी आहे, तर थ्रीडी. तो फोनवरही मिळतो, त्यासाठी डीएस शोधत बसू नका.

पीएसपी मात्र जपून. यूएमडी, म्हणजे त्याची छोटी गेम-डिस्क, फिरवणारा भाग झिजतो आणि जुनी बॅटरी फुगते. यंत्र टेबलावर ठेवा. डुललं किंवा मागचं झाकण वर आलेलं दिसलं तर ती बॅटरी वापरायची नाही.

ड्रॅगन क्वेस्ट फोरसाठी फोनच घ्या, इथे दुसरा विचार नको. डीएसच्या इंग्रजी आवृत्तीतून सोबत्यांशी गप्पा मारण्याची सोय काढून टाकली होती, ती 2014 च्या फोन आवृत्तीत परत आली. या गेमचा अर्धा जीव त्या गप्पांत आहे. पडदा उभाच राहतो, त्यामुळे सुरत-भुसावळ गाडीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने खेळता येतं. फायनल फँटसी थ्रीचंही तसंच. डीएसवर अनियन नाइट हा खास योद्ध्याचा पेशा मिळवायला वायरलेसवरून खऱ्या मित्रांना पत्रं पाठवावी लागायची. निन्टेन्डोची ती ऑनलाइन सेवा 20 मे 2014 ला बंद झाली. फोनवर ती अट नाही. फक्त फोन बदलताना सेव्ह आपोआप नव्या फोनवर येईल असं गृहीत धरू नका.

क्रोनो ट्रिगर (1995) मात्र डीएसवरच. मेनू खालच्या पडद्यावर गेल्याने वरचं चित्र मोकळं राहतं, खरी बटणं असतात, आणि फोन आवृत्तीत नसलेला अरीना ऑफ द एजेस (राक्षस लढवायचा आखाडा) यात आहे. पोकेमॉन हार्टगोल्डला (पोकेमॉन गोल्डचा डीएसवरचा रिमेक) तर फोनचा पर्यायच नाही.

डीएस कार्ड खेळायला थ्रीडीएस, म्हणजे डीएसनंतरचं निन्टेन्डोचं यंत्र, चालतो. जपानी थ्रीडीएस स्वस्तात मिळाला तरी वरच्या गेमची इंग्रजी डीएस कार्डं त्यावर चालतात. यंत्राचा मेनू मात्र कायम जपानीच राहील. डीएसचं चित्र 256 बाय 192 चं, ते थ्रीडीएसवर सव्वापट ताणलं जाऊन पुसट दिसतं. गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरा, चित्र लहान पण रेखीव येईल. डीएस लाइट (डीएसचंच हलकं रूप) घेत असाल तर उजवी बिजागरी आधी पाहा, चीर तिथेच पडते.

हार्टगोल्डची बनावट कार्डं फार फिरतात. अस्सल कार्ड उजेडासमोर धरा: इन्फ्रारेडसाठीचं त्याचं काळं प्लॅस्टिक लालसर, पारदर्शक दिसतं. बनावट बहुधा ठार काळं किंवा राखाडी असतं, आणि त्यातला सेव्ह कधी उडेल याचा भरवसा नसतो. कार्ड वाचलं जात नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी जरा ओली करून सोनेरी पट्ट्या पुसा, सुकू द्या, मग लावा. आपल्याकडच्या धुळीने निम्म्या वेळा एवढंच झालेलं असतं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो. तेव्हा यंत्र चार्जिंगला लावून खेळू नका आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. चार्ज रात्री करा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चार्जर मागताना यंत्र सोबत न्या: डीएस लाइटचा चार्जर थ्रीडीएसला बसत नाही, डीएसआयचा (डीएसचं नंतरचं रूप) बसतो.