वर्षभर वापरून झाल्यावर: प्रीस्ट, मेडन, मेटालिका, ओपेथ आणि बाकीची मंडळी

हेवी मेटलचा नवा अल्बम आला की पहिल्या आठवड्यात जो तो पाचपैकी साडेचार तारे वाटत सुटतो. बँड लाडका असला तर उरलेला अर्धाही देऊन टाकतो. त्या ताऱ्यांवर माझा भरवसा नाही. मिक्सरचा खरा गुण सहा महिने चटण्या वाटल्यावर कळतो, तसंच अल्बमचं आहे. नवलाई ओसरल्यावरही हात आपसूक त्याच्याकडे जातो का, एवढंच मी बघतो.

राहायला नौपाड्यात, नोकरी वाशीला. स्टेशनपर्यंत चालत, मग ट्रान्स-हार्बरची अर्ध्या तासाची लोकल, पुढे शेअर रिक्षा. संध्याकाळी हेच उलट. या वेळात कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून गेलं वर्षभर तो मेटलसाठी राखून ठेवला. नियम एकच: अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, शफल बंद. बँड बहुतेक जुनेच, कॉलेजपासूनचे. अल्बम मात्र गेल्या चार-पाच वर्षांतले.

आधी मेटालिका, कारण सगळे त्यांच्यापासूनच सुरू करतात. '७२ सीझन्स' एप्रिल २०२३चा. नावामागचा हिशेब असा, की माणसाची पहिली अठरा वर्षं गुणिले वर्षाचे चार ऋतू. (आपल्या सहा ऋतूंनी गुणलं असतं तर १०८ झाले असते, अख्खी जपमाळ. ठाण्यात मात्र ऋतू दोनच: पाऊस, आणि पाऊस कधी येणार.) बारा गाणी, ७७ मिनिटं. १९८६च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये आठ गाणी होती आणि सगळा मामला ५५ मिनिटांत आटपला होता. ही वरची वीस-बावीस मिनिटंच नडतात. रिफ, म्हणजे गिटारीचे पुन्हापुन्हा येणारे तुकडे, वाईट आहेत असं अजिबात नाही. गायक-गिटारवादक हेटफिल्डचा उजवा हात साठीतही तसाच चालतो, सरळ, कोरडा, एकही घाव वाया न घालवता. पण प्रत्येक गाणं संपायच्या जागेवर येतं आणि पुन्हा एक फेरी मारून येतं. पहिल्या महिन्यात ते उदार वाटलं. तिसऱ्या महिन्यात घणसोली आली की पुढचं गाणं लावायला अंगठा शिवशिवायला लागला.

'लक्स इटर्ना' अजून तितकंच ताजं आहे, कारण ते साडेतीन मिनिटांत काम उरकून निघून जातं. आणि गंमत म्हणजे दुसरं टिकलेलं गाणं अगदी उलट टोकाचं आहे, 'इनामोराटा'. अकरा मिनिटांच्या वर, मेटालिकाच्या स्वतःच्या स्टुडिओ अल्बमांतलं सगळ्यात लांब. ते मेटलचा आद्य बँड ब्लॅक सॅबथच्या चालीनं जड पावलं टाकत येतं, मधे बाकीचे मागे सरतात आणि त्रुहियोची बास गिटार पुढे येते. म्हणजे लांबीचा प्रश्न नाही. ज्या गाण्यात अकरा मिनिटांचं काही सांगायला आहे ते अकरा मिनिटं चालावं. ज्यात चार मिनिटांचं आहे ते सात मिनिटं का चालवता, एवढीच तक्रार.

ही तक्रार आयर्न मेडनकडे नेली तर त्यांचा बासवादक आणि म्होरक्या स्टीव्ह हॅरिस दारातूनच परत पाठवेल. 'सेन्जुत्सू' सप्टेंबर २०२१चा, दोन डिस्कचा, ८२ मिनिटांच्या जवळ जाणारा. शेवटची तिन्ही गाणी एकट्या हॅरिसची आणि तिन्ही दहा मिनिटांच्या वरची. मेडनवर माझा जीव आहे. १ फेब्रुवारी २००८ला त्यांनी जगाच्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून केली, वांद्रे-कुर्ला संकुलात, आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बँडचं विमान चालवत होता. त्या पिढीच्या ठाणेकर पोरांच्या कपाटात तो काळा टी-शर्ट अजून सापडेल, अंगात जात नसला तरी.

एवढा जीव असूनही पहिले काही आठवडे 'सेन्जुत्सू' ऐकताना दमायला झालं. डिकिन्सनचा आवाज थोडा मागे ठेवलाय, ड्रम जाडसर, वेग मध्यम. लोकलच्या घरघरीत तर त्याची धार जातेच. नंतर पावसाळ्यात तो खुलायला लागला. गाडी रखडली की हा अल्बम बरा वाटतो, कारण त्यालाही कुठे पोचायची घाई नाही. 'हेल ऑन अर्थ' हे शेवटचं गाणं आता माझ्या मेडनच्या पहिल्या दहांत आहे. हळू सुरुवात, मग तीन गिटारी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून निघतात, आणि चाल अशी की अनोळखी माणसालाही दुसऱ्या फेरीत गुणगुणता यावी. पहिली डिस्क मात्र मी आता क्वचित लावतो. ड्रमर निको मॅकब्रेननं डिसेंबर २०२४मध्ये दौऱ्यांतून निवृत्ती घेतली, त्यामुळे त्याच्या हातचा शेवटचा अल्बम बहुधा हाच ठरेल. हे कळल्यापासून ड्रम जास्त लक्ष देऊन ऐकतो, आणि ते मला आधी वाटले होते त्याहून बरेच चपळ आहेत.

आता मुद्द्यावर येतो. वर्षभराच्या वापरात एकही पान न गळलेला पहिला अल्बम म्हणजे ज्यूडास प्रीस्टचा 'इन्विन्सिबल शील्ड', मार्च २०२४.

हा बँड १९६९चा. गायक रॉब हॅलफर्ड अल्बम आला तेव्हा ७२ वर्षांचा होता. गिटारवादक ग्लेन टिप्टनला पार्किन्सन असल्याचं २०१८मध्येच जाहीर झालं होतं, त्यानंतर तो दौऱ्यांवर नियमित वाजवू शकला नाही. दुसरा गिटारवादक रिची फॉकनर याची सप्टेंबर २०२१मध्ये अमेरिकेत, चालू कार्यक्रमात, 'पेनकिलर' वाजवताना हृदयाजवळची महाधमनी फाटली. त्यानं गाणं पुरं केलं आणि मग त्याला इस्पितळात नेलं. एवढ्या सामानावर कुणीही एक हळवा निरोपाचा अल्बम काढला असता आणि आम्ही डोळे पुसत घेतला असता. यांनी काय केलं, तर अकरा गाणी, ५२ मिनिटांच्या आसपास, आणि रडगाणं नावालाही नाही.

'पॅनिक अटॅक'च्या सुरुवातीला सिंथचा (सिंथेसायझरचा) सूर येतो तेव्हा त्यांच्याच १९८६च्या, सिंथनं भरलेल्या 'टर्बो'ची आठवण होते आणि जरा धाकधूक वाटते. मग गिटार पडते आणि शंका मिटते. टिप्टन आणि फॉकनरचे सोलो एकमेकांशी बोलतात, एक प्रश्न टाकतो, दुसरा उत्तर देतो. अल्बमच्या नावाचं गाणं सहा मिनिटांचं आहे आणि त्यातला गिटारींचा मधला पट्टा मी आजही मागे नेऊन पुन्हा लावतो. 'क्राऊन ऑफ हॉर्न्स' सगळ्यात संथ. पहिल्यांदा ते मी जवळजवळ सोडून दिलं होतं, आता संध्याकाळच्या परतीला तेच हवं असतं. हॅलफर्ड हल्ली वरच्या पट्टीत उगाच मुक्काम करत नाही. मधल्या पट्टीत शब्द नीट उच्चारत गातो आणि जिथे किंकाळी लागते तिथेच ती खर्च करतो. माझे बाबा नाट्यसंगीतवाले. त्यांनी एकदा माझ्या खोलीत डोकावून विचारलं, "वय काय रे याचं?" सांगितलं. "दम राखून गातोय," म्हणाले आणि गेले. आमच्या घरात यापेक्षा मोठी दाद कुणाला मिळालेली नाही.

उणं काढायचंच तर गाण्यांचे शब्द. ढाली, मुकुट, साप, राजे, अग्नी. पन्नास वर्षांत यांच्या शस्त्रागारात नवीन काही आलेलं नाही. पण प्रीस्टकडे कविता मागायला कोण जातो?

मधे थोडं ऐकण्याच्या साधनाबद्दल. वर्षाच्या सुरुवातीला बाहेरचा आवाज मारणारे महागडे हेडफोन घेतले. उपयोग आहे, पण दुपारच्या उकाड्यात कान शिजतात आणि दाराशी उभं राहिलं की वारा माइकवर आपटून फडफड ऐकू येते. शेवटी वायरचे, कानात घट्ट बसणारे साधे इअरफोनच गाडीत कायम झाले. एक गोष्ट मात्र यातून नीट कळली. मेटलच्या ध्वनिमुद्रणात सगळं दाबून एकाच मोठ्या पातळीवर आणतात म्हणून जाणकार ओरडत असतात. मेटालिकाच्या २००८च्या 'डेथ मॅग्नेटिक'वरून तर मोठाच गदारोळ झाला होता. लोकलमध्ये उभं राहून ऐकलं तर हेच दाबलेलं संगीत सोयीचं पडतं, कारण त्यात हळू जागाच नसते आणि पंख्यांच्या, रुळांच्या आवाजावर ते आरामात मात करतं. रात्री घरी शांततेत तेच ऐकलं की वीस मिनिटांत डोकं उठतं. म्हणून 'कोणता अल्बम चांगला' या प्रश्नाच्या आधी 'कुठे ऐकणार' हे विचारायला हवं.

ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' (नोव्हेंबर २०२४) गाडीत पूर्ण नापास, आणि घरी पहिल्या वर्गात पास. त्यांचा गायक मिकाएल ओकरफेल्ड यानं २००८च्या 'वॉटरशेड'नंतर अल्बमवर घशातून गुरगुरणं बंद केलं होतं. इथे ते सोळा वर्षांनी परत आलंय, ही बातमी ऐकूनच आम्ही निम्मे गार. पण खरी मजा रचनेत आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, घरातला कर्ता म्हातारा गेलाय आणि त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय. गाण्यांना नावंच नाहीत, कागदपत्रातल्यासारखे कलम एक ते कलम सात. फक्त आठव्याला नाव आहे, आणि तिथे एक पत्र निघतं ज्यानं आधीचं सगळं फिरतं. जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश रॉक बँडचा इयन अँडरसन मधेमधे निवेदन करतो आणि बासरीही वाजवतो. हे सगळं बाबांना सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "साक्षीदार दोन आहेत का?" वारसाहक्काच्या भानगडी ज्या समाजात दिवाणखान्यात रंगतात, त्या समाजाला खरं तर हा अल्बम परका वाटायला नको.

गाडीत काय होतं, की कुजबुज, बासरी, तंतुवाद्यांच्या जागा साफ बुडतात आणि एकदम गुरगुरणं अंगावर येतं. आवाज वाढवावा तर कान फुटतो. रविवारी दुपारी, जेवणानंतर, स्पीकरवर, हातात गाण्यांचे शब्द घेऊन ऐकावा. तसा ऐकला की दर वेळी काहीतरी नवीन सापडतं, विशेषतः नव्या ड्रमरच्या हातात. वाल्टेरी वायरीनेनचं वाजवणं इतकं हलकं आहे की अवघड ताल अवघड वाटत नाहीत.

ब्लड इन्कँटेशनचा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' (ऑक्टोबर २०२४) याच्या उलट. डेन्व्हरचा डेथ मेटल (मेटलचा गुरगुरणारा, कडक प्रकार) बँड, बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत जाऊन केलेला अल्बम, आणि त्यात गाणी दोनच, वीस मिनिटांच्या वरची. ठाणं सुटताना 'द स्टारगेट' लावलं की तुर्भ्याच्या अलीकडे-पलीकडे संपतं. मधे टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या थॉर्स्टन क्वेशनिंगची सिंथ असते, तेव्हा खिडकीबाहेरचे औद्योगिक पट्ट्यातले कारखानेसुद्धा परग्रहावरचे वाटायला लागतात. डेथ मेटल न ऐकणाऱ्यानं मात्र इथून सुरुवात करू नये, पहिल्या मिनिटालाच पळून जाल.

गोजिरा या फ्रेंच बँडबद्दल थोडक्यात. 'फॉर्टिट्यूड' एप्रिल २०२१चा. जुलै २०२४मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात हे लोक कॉन्सिएर्जरी या जुन्या तुरुंगाच्या भिंतीवर उभे राहून वाजवत होते तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो गोंधळ झाला तो क्रिकेटलाही होत नाही. अल्बम दणकट, सकाळी झोप उडवायला उत्तम. पण मधली दोन-तीन गाणी मला आता आठवतसुद्धा नाहीत.

दिल्लीच्या ब्लडीवूडचा 'नू दिल्ली' मार्च २०२५चा. ढोल, बासरी, हिंदी-इंग्रजी रॅप, आणि 'तडका' नावाचं चक्क खाण्यावरचं गाणं. आठच गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास, म्हणजे ठाणे ते वाशी बरोबर एक अल्बम. शुक्रवारी लावायचा. रोज लावला की त्यातली युक्ती दिसायला लागते: इथे ढोल येणार, इथे रॅप येणार, इथे सगळे मिळून ओरडणार, आणि तसंच होतं. यापेक्षा आपल्या मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनचा २०१७चा 'दशावतार' मला जास्त मुरलेला वाटतो. नवा नाही, म्हणून इथे तुलनेत घेत नाही. पण मत्स्यापासून पुढे एकेका अवताराला एकेक गाणं हे ज्यांनी गावाकडे रात्रभर दशावतारी नाटकं पाहिली आहेत त्यांनी एकदा तरी ऐकावं. त्यांचा गायक साहिल मखिजा यानं त्यात पौराणिक नावं शोभेला चिकटवलेली नाहीत.

ऑफिसातला एक पोरगा विचारत होता की मेटल कधीच ऐकलेलं नाही, कुठून सुरू करू. त्याला प्रीस्ट दिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सर, हे तर गाणी आहेत." त्याला बहुतेक फक्त आरडाओरडा अपेक्षित होता. आता तो 'हेल ऑन अर्थ'वर आहे. ओपेथ मी त्याला इतक्यात देणार नाही.

माझ्या फोनवर सध्या पूर्ण राहिलेत ते प्रीस्ट आणि ब्लड इन्कँटेशन. मेडनची दुसरी डिस्क. मेटालिकाची दोन गाणी. गोजिराची चार. ओपेथ फोनवरून काढून घरच्या शेल्फवर गेला, तबकडीच्या रूपात, किंमत विचारू नका. मेगाडेथ या यादीत नाही याबद्दल मित्रांनी आधीच शिव्या घातल्यात. ऑगस्ट २०२५मध्ये त्यांचा म्होरक्या मस्टेन यानं जाहीर केलं की यापुढचा अल्बम आणि दौरा शेवटचा. त्या अल्बमबद्दल माझं मत हवं असेल तर तो वर्षभर वापरून झाल्यावर विचारा.