हवा भरायचा क्विक कपलर आणि नोजल: दोनदा घेतलं, दुसरं टिकलं

आमचा मळा कागलच्या बाजूला, गावापासून बराच आत, आणि सगळ्यात जवळचं पंक्चरचं दुकान साडेचार किलोमीटरवर. घरात एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, एक कार, माझी बाइक आणि बायकोची स्कूटी, आता टायर मोजा किती होतात ते. उसाच्या हंगामात भरल्या ट्रॉलीचं एक चाक बसलं की त्या दिवसाचं सगळं गणित बिघडतं. म्हणून मागच्या वर्षी २४ लिटरचा एक एचपी कॉम्प्रेसर घेतला. कॉम्प्रेसर चांगलाय, त्याबद्दल तक्रार नाही. हे लिहितोय ते त्याच्या पुढच्या सामानाबद्दल, म्हणजे पाइपला लागणारा क्विक कपलर आणि टायरच्या व्हॉल्व्हवर बसणारं नोजल, कारण या दोन छोट्या वस्तूंनी मला जेवढं दमवलं तेवढं कॉम्प्रेसरनं नाही दमवलं, आणि कुणीतरी मराठीत नीट सांगितलं असतं तर माझे पैसे पण वाचले असते.

पहिल्यांदा ऑनलाइन एक कॉम्बो मागवला. डबीत दहा-बारा नग, सगळे सोनेरी चकचकीत, वर लिहिलेलं युनिव्हर्सल. बसवला, हवा आली, आनंद झाला. चौथ्या की पाचव्या रात्री अडीचच्या सुमारास शेडमध्ये कॉम्प्रेसर आपोआप धडधडायला लागला. आबांना वाटलं विहिरीवरच्या मोटरीला कुणी हात लावला, ते बॅटरी घेऊन थेट विहिरीकडे पळाले, मी शेडकडे. चोर वगैरे कुणी नव्हतं. टाकी ८ बारला भरून मी बटण चालू ठेवून झोपलो होतो, हवा कुठूनतरी हळूहळू गळत राहिली, प्रेशर ६ च्या खाली गेलं की स्विच परत मोटर चालू करणार, तो त्याचं काम करत होता. दुसऱ्या रात्री बटण बंद ठेवलं तर सकाळी काटा जवळजवळ शून्यावर.

सकाळी वाटीत निरम्याचं पाणी केलं आणि जुन्या ब्रशनं प्रत्येक जोडावर लावत गेलो. पाइपवर काही नाही, टाकीवर काही नाही. कपलरच्या आट्यांपाशी मात्र बारीक फेस, एकसारखा, साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक. आणि जिथं प्लग कपलरमध्ये जातो तिथं तर मोठा फुगाच येत होता, फुटायचा, परत यायचा. टेफ्लॉन टेप काढून परत गुंडाळली, अजून दोन वेढे जास्त दिले, पाना लावून जोर लावला, तर आट्याचा एक तुकडाच निघून हातात आला. कानशीनं घासून बघितलं तर सोनेरी रंगाच्या खाली पांढुरकं. म्हणजे पितळ नव्हतंच ते, झिंकचं ओतकाम आणि वर पॉलिश. दुकानात गेलात तर एवढं करा, कडेला कानस हलकी फिरवायला सांगा, आत पिवळं दिसलं तरच पितळ. चुंबक लावून हे कळत नाही, कारण झिंकलाही तो चिकटत नाही आणि पितळेलाही नाही.

मग गेलो कोल्हापूरला उद्यमनगरात. तिथं एका जुन्या दुकानात सगळे नग काउंटरवर ओतले. दुकानदार काका साठीच्या पुढचे, त्यांनी चष्मा वर करून एकच प्लग उचलला, त्यांच्याकडच्या सॉकेटमध्ये घातला, हलवून दाखवला आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यो आत जातोय, पण बसत न्हाई. जात येगळी हाय." तिथून पुढं अर्धा तास त्यांनी मला जे सांगितलं ते सगळं खाली लिहितोय, कारण तेच खरं कामाचं आहे.

क्विक कपलर दोन भागांचा असतो. सॉकेट म्हणजे जाड भाग, बाहेरची बाही मागं ओढता येते, आत स्टीलच्या गोळ्या आणि एक स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह. प्लग म्हणजे बारीक दांडा, त्याच्या अंगावर एक खाच. प्लग आत ढकलला की गोळ्या खाचेत अडकतात आणि त्याच दाबानं व्हॉल्व्ह उघडतो. प्लग काढला की सॉकेट स्वतःहून बंद होतो. प्लगमध्ये मात्र काहीच नाही, तो आरपार उघडी नळी. म्हणून सॉकेट कायम कॉम्प्रेसरच्या बाजूला आणि प्लग पाइप किंवा हवा भरायच्या गनच्या बाजूला. मी उलटं लावलं होतं! दरवेळी पाइप काढायच्या आधी टाकीचा कॉक बंद करायला लागायचा आणि मला वाटायचं असंच असतं.

आता जात. जगात या प्लगच्या खाचेचे, लांबीचे, जाडीचे बरेच वेगवेगळे प्रकार आहेत, अमेरिकेत वेगळे, युरोपात वेगळे. आपल्याकडं बहुतेक दुकानात मिळतो तो जपानच्या निट्टो कोहकी कंपनीच्या पद्धतीचा, त्याच मापात भरपूर जण बनवतात. नगावर कोरलेलं असतं एसएम २०, पीएम २०, एसपी २०, पीपी २० असं काहीतरी. पहिलं अक्षर एस म्हणजे सॉकेट, पी म्हणजे प्लग. दुसरं अक्षर मागच्या बाजूला काय आहे ते सांगतं, एम म्हणजे बाहेरून आटे, एफ म्हणजे आतून आटे, एच म्हणजे रबरी पाइप घुसवून क्लिप मारायचा दांडा, आणि पी म्हणजे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा लवचिक प्लास्टिक पाइप घालून नट आवळायचा. आकडा मापाचा, २० म्हणजे पाव इंच, ३० म्हणजे तीन अष्टमांश, ४० म्हणजे अर्धा इंच. यातली भारी गोष्ट अशी की २०, ३०, ४० या सगळ्यांचं पुढचं तोंड एकच असतं, फक्त मागचा भाग बदलतो, म्हणजे २० चा प्लग ४० च्या सॉकेटमध्ये आरामात बसतो. पण ४००, ६००, ८०० अशी मोठी जात दिसली तर ती वेगळी, ती यात बसत नाही, आणि आपल्याला लागत पण नाही.

आटे हा दुसरा घोळ. माझ्या कॉम्प्रेसरला पाव इंची बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे आटे, कॉम्बोतले निघाले पाव इंची एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचे. दोन्ही पाव इंचच म्हणवतात, पण बीएसपीला इंचात १९ आटे आणि एनपीटीला १८, कोन पण ५५ आणि ६० अंशांचा. दोन-तीन वेढे छान फिरतात, मग घट्ट होतं, आपल्याला वाटतं बसलं. बसलेलं नसतं, अडकलेलं असतं. त्यावर कितीही टेप गुंडाळा, आज ना उद्या गळणारच, आणि जोर लावला की आटे जातात. दुकानात फक्त पाव इंच सांगू नका, बीएसपी म्हणून सांगा, नाहीतर जुना नग खिशात घालूनच जा.

शेवटी घेतलं ते असं: कॉम्प्रेसरला एसएम २० सॉकेट स्टीलचा क्रोम मारलेला, १० मीटर पीयू पाइप, बाहेरून ८ आणि आतून ५ मिलिमीटरचा, त्याच्या एका टोकाला पीपी २०, दुसऱ्या टोकाला एसपी २०, आणि हवा भरायच्या गनला पीएम २०. चारही नग मिळून सातशेच्या आत बसले, पाइप वेगळा. मोठ्या मापाचे हाय-फ्लो घेऊ का म्हणून विचारलं तर काका म्हणाले टायरसाठी पैसे घालवू नका, आणि विचार केला तर पटतं, कारण हवा शेवटी टायरच्या व्हॉल्व्हमधल्या त्या बारीक पिनेच्या बाजूनंच जाणार, मागं कितीही रुंद रस्ता केला तरी फाटक तेवढंच. चाकाचे नट खोलायची इम्पॅक्ट गन चालवायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथं मोठं माप हवंच.

पितळ की स्टील यावर माझं मत सांगतो. आमच्याकडं स्टील, कारण प्लगची खाच दिवसाला पाच-दहा वेळा गोळ्यांवर घासते आणि मऊ पितळ तिथं लवकर झिजतं. पण माझ्या मावसभावाचं मालवणला छोटं गॅरेज आहे, त्याचे स्टीलचे नग एका पावसाळ्यात गंजून बाही जाम झाली, तो आता पितळच वापरतो. तुम्ही कुठं राहता त्यावर ठरवा.

आता नोजल, म्हणजे चक. कपलरवर लोक डोकं लावतात आणि नोजल मिळेल ते उचलतात, मी पण तेच केलं. चक दोन प्रकारचा असतो, उघडा आणि बंद. उघड्यातून हवा सरळ बाहेर येते. बंदमध्ये आत झडप असते, टायरच्या पिनेवर दाबला तरच हवा सुटते. टाकीवाल्या कॉम्प्रेसरच्या पाइपला थेट चक लावणार असाल तर बंदच घ्या, नाहीतर प्लग लावल्या लावल्या हवा फुस्स करून जायला सुरुवात. मीटरवाली गन असेल तर मात्र उघडा घ्या. गनचा खटका हवा अडवतोच, आणि चक उघडा असला की टायरमधलं प्रेशर सरळ काट्यापर्यंत येतं. माझ्या गनला आधी बंद चक होता, काटा कधी २२ दाखवायचा कधी ३०, एकाच टायरला. उघडा क्लिपवाला लावला आणि तो त्रास गेला. एक लक्षात ठेवा, खटका दाबलेला असताना काटा पाइपचं प्रेशर दाखवतो, टायरचं नाही. सोडायचं, काटा स्थिर होऊ द्यायचा, मग वाचायचं.

क्लिप किंवा खटकेवाला चक का, तर दोन्ही हात मोकळे राहतात. हातानं दाबून धरायचा चक स्कूटीला ठीक आहे, पण ट्रॉलीचं टायर भरायला वेळ लागतो आणि उन्हात उकिडवं बसून धरून ठेवलं की मनगट दुखतं, जरा तिरका झाला की हवा भरण्यापेक्षा जातेच जास्त. क्लिप घेताना आतलं रबर बघा, ते झिजतं, सुटं मिळतं का विचारा. माझं सहा महिन्यांनी बदललं, वीस रुपयांत झालं. मागं जोडचाकं असलेला टेम्पो असेल तर दोन तोंडांचा लांब दांड्याचा चक लागेल, आतल्या चाकापर्यंत हा छोटा पोचत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक. मागच्या मोठ्या टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर हवा बघताना चाक फिरवून व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा. खाली असला तर पाणी चकमधून गनमध्ये येतं आणि मीटरचं वाटोळं होतं. शेजारच्या मळ्यातल्या दादांचा नवाकोरा मीटर असाच गेला, आतून पाणी डुचमळताना दिसायचं.

दुसरं सामान घेऊन आठ महिने झाले. साबणाचं पाणी महिन्यातून एकदा लावतो, बुडबुडा नाही. रात्री टाकी भरून बटण बंद केलं तर सकाळी काटा जवळजवळ तिथंच. तक्रार एकच, सॉकेटच्या बाहीत धूळ जाते. उसाच्या दिवसांत पाचटाची बारीक भुशी आणि माती गोळ्यांपाशी बसली आणि बाही मागं सरकेना. पेट्रोलनं धुतला, सुकवला, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, परत लोण्यासारखा चालायला लागला. प्लग मातीत टाकू नका, ती माती पुढं टायरच्या पिनेत जाऊन बसते आणि मग पिनच गळायला लागते. मी दोन्हीला रबरी टोपण लावून ठेवतो.

आणि हे मनापासून सांगतो, घरात लहान पोरं असतील तर जास्तच. पाइपमध्ये प्रेशर असताना कपलर सोडला की प्लगच्या बाजूची सगळी हवा एकदम बाहेर येते आणि पाइपचं टोक सापासारखं उसळतं. सोडताना एका हातानं प्लग घट्ट धरा, दुसऱ्या हातानं बाही ओढा, तोंड बाजूला. त्याआधी गनचा खटका दाबून पाइप रिकामा केला तर उत्तमच. आमचा धाकटा पहिल्यांदा जवळ उभा होता, टोक त्याच्या कानाजवळून गेलं, तेव्हापासून पाइप काढायच्या आधी त्याला ओसरीवर जायला सांगतो आणि तो पण आता न सांगता जातो.

माझ्याकडून या २० मापाच्या कपलरला पाचपैकी साडेचार, अर्धा धुळीसाठी कापला. उघड्या क्लिप चकला पाचपैकी पाच. ऑनलाइनच्या कॉम्बोला शून्य, त्यातली टेफ्लॉन टेप तेवढी वापरात आली. आबा, जे आधी कॉम्प्रेसरला हात लावायला तयार नव्हते, ते परवा सकाळी ट्रॉली भरायला जायच्या आधी एकटेच चारही चाकं भरून आले, आणि मला उठवलं नाही.