दुसरीतल्या मुलीसाठी घेतलेलं ऑनलाइन शिकवणीचं ॲप : जूनपासून वापरल्यावर

शिकवणं चांगलं आहे, हे आधी सांगते. गणिताची चित्रं सुरेख आहेत, रेकॉर्ड केलेले तास नेटके आहेत, आणि इंग्रजी वाचनात धाकटीची खरंच प्रगती झाली. पण एवढ्या लहान मुलासाठी रोजच्या लाइव्ह तासाचे पैसे भरणार असाल तर जरा थांबा. त्या तासाचा मुलांवर किती ताण येतो हे जाहिरातीत कुठंच नसतं.

आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. जवळपास शिकवणी नाही, रोज बेळगावला नेणं-आणणं जमणारं नव्हतं, म्हणून शाळा सुरू होतानाच वर्षाची वर्गणी भरली. जुलैत इकडचा पाऊस लागला. करंट कधी जाईल याचा नेम नाही, नेटवर्कचंही तेच. मोठी माणसं अशा वेळी "आवाज येतोय का?" विचारून मोकळी होतात. लहान मुलाला ते सुचत नाही. बाईंनी धाकटीला प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं, पण आवाज तिकडं पोचायच्या आत बाई पुढच्या मुलाकडं वळल्या. हिला वाटलं, आपलं चुकलं, बाई रागावल्या. असं वरचेवर व्हायला लागलं. मग उत्तर येत असलं तरी ती आधी माझ्याकडं बघायची आणि नुसते ओठ हलवून विचारायची, "सांगू?"

त्यानंतर पोटदुखी सुरू झाली. साडेपाच वाजत आले की दोन-तीनदा संडासला पळायची. रविवारी तास नसतो, त्या दिवशी पोट ठणठणीत. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनीच विचारलं, नेमकं कुठल्या वेळेला दुखतं? या वयाची मुलं "टेन्शन आलंय" असं म्हणत नाहीत. पोट दुखतं, नखं खाल्ली जातात, रात्री दचकून उठतात. आपल्याला वाटतं, अभ्यास टाळायची नाटकं चाललीत.

सगळ्यात जास्त त्रास चाचणीतल्या घड्याळाचा. प्रत्येक प्रश्नाला एक हिरवं वर्तुळ असतं, ते कमी कमी होत शेवटी लाल होतं आणि टिकटिक वाजायला लागते. लाल झालं की धाकटी प्रश्न सोडून वर्तुळाकडंच बघत बसते. तीच हातच्याची वजाबाकी वहीत न चुकता करते. त्यात घरात मराठी, शाळेत मराठीबरोबर कन्नड, आणि ॲपवरच्या बाई हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणाऱ्या. प्रश्न कळेपर्यंतच निम्मा वेळ गेलेला असतो. वर चाचणी संपली की सगळ्यांसमोर नंबरांची यादी. दुसरीतल्या मुलांना नंबर कशाला हवेत, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. यादी बंद करता येईल का म्हणून कंपनीला विचारलं, तर तशी सोय नाही म्हणाले.

स्क्रीनच्या वेळेबद्दल सगळे बोलतात. केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाबद्दलच्या २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे जास्तीत जास्त दोनच तास सांगितलेत. आमचा तास एकच, तोही पाऊण तासाचा, म्हणजे मर्यादेच्या आतच. तरीही पोट दुखत होतंच. त्रास मिनिटांचा नव्हता. सतत कुणीतरी आपल्याकडं बघतंय, वेळ पळतोय, आणि आपलं बोलणं पोचलं की नाही हेच कळत नाही, याचा होता.

थोरला २०२० मध्ये तिसरीत होता. तेव्हा जूनमध्ये कर्नाटक सरकारनं लहान वर्गांचे ऑनलाइन तास बंद केले आणि जुलैत उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. आमच्या गावात यातलं काहीच नव्हतं. ऑगस्टमध्ये मुलांना गावातच गटानं शिकवायचं सरकारचं 'विद्यागम' सुरू झालं आणि गुरुजी देवळाच्या ओवरीत मुलांना लांब लांब बसवून शिकवायचे. ऑक्टोबरमध्ये तेही थांबलं. पण तेवढ्या दिवसांत थोरल्यानं कधी पोट धरलं नाही. आवाज नाही पोचला तर गुरुजी उठून जवळ यायचे.

आम्ही केलेले बदल सांगते, कुणाला उपयोग होईल. टॅबवर कोपऱ्यात धाकटीचा स्वतःचा चेहरा दिसायचा आणि ती सगळा वेळ केसच सारखे करायची. त्यावर वहीच्या कागदाची पट्टी चिकटवली. चाचण्या सरावाच्या भागात जाऊन करतो, तिथं घड्याळ नाही. लाइव्ह तास बंद केला. तोच तास दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगमध्ये बघतो, आज्जी शेजारी बसते, नाही कळलं की थांबवतो. बाई प्रश्न विचारतात तेव्हा धाकटी आता मोठ्यानं उत्तर देते, चुकलं तरी. दिवाळीपर्यंत पोटदुखी पूर्ण थांबली.

वर्गणी पुढं चालू ठेवा म्हणून फोन येतायत. नुसते रेकॉर्ड केलेले तास वेगळ्या दरात देत असाल तरच घेईन, असं सांगितलंय. अजून उत्तर नाही. तुम्ही नवीन घेणार असाल तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचा पर्याय मागा, आणि पहिले दोन आठवडे मुलाजवळ बसून तास बघा.