घरगुती फराळविक्रीसाठी अन्न नोंदणी: ‘फॉस्कॉस’वरील सेवेचे परीक्षण

घरी केलेल्या लाडू-चकल्या विकायला कसला आला परवाना, असे अजूनही सर्रास ऐकू येते. वास्तविक 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात अन्नव्यवसायाची व्याख्या करताना त्यातून नफा होतो की नाही हेसुद्धा गौण मानले आहे. त्यामुळे स्वयंपाकघर राहत्या घरातले आहे एवढ्यावरून कोणाला सूट मिळत नाही. दिवाळीच्या ऑर्डरी ओळखीपाळखीच्या पलीकडून येऊ लागल्यावर 2024 मध्ये मी अन्नव्यवसायाची ही नोंदणी ‘फॉस्कॉस’ या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) संकेतस्थळावर स्वतःच केली, आणि येथे दिलेले आकडे त्या वेळचे आहेत.

2024 मध्ये ज्याची वार्षिक उलाढाल 12 लाख रुपयांच्या आत होती, त्याला परवाना नव्हे तर केवळ नोंदणी लागे. शुल्क वर्षाला 100 रुपये होते आणि नोंदणी एक ते पाच वर्षांसाठी घेता येई, म्हणजे पाच वर्षांचे 500 रुपये. छायाचित्र, ओळखपत्र आणि पत्ता एवढ्यावर अर्जाचा मुख्य भाग उरकतो. एवढ्याच कामासाठी आमच्या ओळखीतल्या एका काकूंकडून एका एजंटाने दोन हजार रुपये घेतले, हे मला अजूनही पटलेले नाही.

अर्जात खरा विचार करावा लागतो तो व्यवसायाचा प्रकार निवडताना. डबे पुरवणाऱ्यांसाठी घरगुती खाणावळ व डबेवाले असा स्वतंत्र प्रकार आहे. पण चिवडा, शंकरपाळे, लोणची करून पाकिटांत भरून विकणे हे उत्पादनात मोडते. जी गृहिणी रोज दहा डबे देते आणि दिवाळीत फराळही विकते, तिने दोन्ही प्रकार नमूद केलेले बरे. घाईत केवळ किरकोळ विक्रेता ही ओळ निवडली, तर हाती पडणारे प्रमाणपत्र प्रत्यक्ष कामाशी जुळत नाही.

अन्नव्यवसायांच्या परवाना व नोंदणीसंबंधीच्या 2011 च्या नियमावलीतील एक तरतूद मला विशेष आवडली. अर्ज आल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यावी, कारण लिहून अर्ज नाकारावा किंवा तपासणीची सूचना काढावी. यांपैकी काहीच घडले नाही, तर छोट्या उत्पादकाला व्यवसाय सुरू करण्याची मुभा आहे. सरकारी दिरंगाईचा भुर्दंड अर्जदारावर न टाकणारा असा नियम विरळाच.

प्रमाणपत्रावर 14 आकडी क्रमांक असतो आणि प्रमाणपत्र कामाच्या जागी दिसेल असे लावायचे असते. आमच्याकडे ते ओट्याच्या वरच्या भिंतीवर आहे. त्यानंतरचे काम मात्र शुल्काइतके हलके नाही. चकलीच्या पाकिटावरील लेबलवर पदार्थाचे नाव, प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची व वापराच्या अंतिम मुदतीची तारीख, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि हिरव्या चौकटीतला हिरवा गोल हे सारे हवे. तीळ-भाजणीचा घटकक्रम लावताना आईच्या अंदाजपंचे प्रमाणाला प्रथमच वजनकाट्यावर चढावे लागले, आणि त्यामुळे प्रत्येक घाणा सारखा उतरू लागला हा अनपेक्षित लाभ. शेंगदाणे, काजू किंवा दूध असल्यास ॲलर्जीची सूचनाही द्यावी लागते. ती बहुतेक घरगुती पाकिटांवर नसते.

नोंदणी मिळाली म्हणजे सगळे झाले, असे मात्र नाही. घरगुती वापराचा 14.2 किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, ही बाब या अर्जाच्या कक्षेबाहेरची असल्याने अनेकांच्या ध्यानातच येत नाही. व्यावसायिक सिलिंडर धरून किंमत काढली की चकलीचा भाव किलोमागे थोडा चढतो, आणि तो तसा चढलेलाच बरा.

सेवेला पाचपैकी चार गुण. एक गुण व्यवसायाच्या प्रकारांच्या त्या लांबलचक यादीसाठी कापला आहे, कारण नवख्या माणसाला तिच्यातून आपली ओळ सहज सापडत नाही. छोट्या फराळवाल्यांनी एजंटाच्या नादी न लागता ही नोंदणी स्वतः करावी. उलाढाल मर्यादेपलीकडे जाणार असेल तर मात्र राज्य परवान्याची कागदपत्रे निराळी असतात, आणि तेथे जाणकाराला दोन पैसे देणे रास्त आहे.