‘चार्लीज एंजल्स’: फॅरा फॉसेटपासून सुरुवात करावी की शेरिल लॅडपासून?

‘चार्लीज एंजल्स’ ही तीन महिला गुप्तहेरांची जुनी अमेरिकन टीव्ही मालिका पहिल्यांदाच बघणार असाल, तर फॅरा फॉसेटचा पहिला सीझन आधी घ्यावा की शेरिल लॅडचा दुसरा? ज्या क्रमाने दाखवली त्याच क्रमाने बघावी, यात विचारण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. मीही तेच म्हणायचो. पण ही मालिका मी दोन्ही बाजूंनी सुरू करून बघितली आहे, आणि दुसऱ्या खेपेला ती मला कितीतरी जवळची वाटली.

आधी पहिल्या सीझनचं. १९७६ च्या सप्टेंबरात तो सुरू झाला, आणि त्याचा ताजेपणा आजही जाणवतो. ‘कन्सेंटिंग अ‍ॅडल्ट्स’ या भागात जिल, म्हणजे फॅरा फॉसेट, स्केटबोर्डवरून गुंडांना हुलकावणी देते. गुडघे थोडे वाकवलेले, केस वाऱ्यावर, आणि चेहऱ्यावर भीतीपेक्षा मजाच जास्त. त्या दोन मिनिटांत कळतं, की एका वर्षात ही बाई घराघरात कशी पोचली. ‘एंजल्स इन चेन्स’मध्ये तिघी वेष बदलून तुरुंगात शिरतात, तो भागही इथलाच. केट जॅक्सनची सब्रिना तर पहिल्या दिवसापासून पक्की आहे. डोकं तिचं चालतं, आणि बाकीच्या दोघींना ते मान्य असतं. जॅकलिन स्मिथची केली कमी बोलते, पण पाचही सीझन टिकली ती एकटीच.

मग अडलं कुठे? जिलच्या जाण्यात.

पहिला सीझन मे १९७७ मध्ये संपतो, आणि शेवटच्या भागात ती जाणार असल्याची पुसटशी खूणही नाही. निरोप नाही, मिठी नाही. प्रत्यक्षात फॅरा फॉसेट सिनेमासाठी करार अर्धवट टाकून गेली होती. त्यावरून कोर्टकचेरी झाली, आणि शेवटी तडजोड म्हणून पुढे सहा भागांत ती पाहुणी म्हणून आली. तेव्हाच्या अमेरिकन प्रेक्षकांना हे सगळं पेपरातून कळत होतं, शिवाय मध्ये अख्खा उन्हाळा गेला होता. आम्ही मात्र एका रात्री शेवटचा भाग संपवला आणि लगेच पुढची डीव्हीडी लावली. दहा मिनिटांत बायको म्हणाली, “अहो, पण जिल कुठे गेली?” मोटारींच्या शर्यतीत उतरायला गेली, एवढंच उत्तर मालिका देते. बावीस-तेवीस भाग जिच्याबरोबर काढले, तिची एका वाक्यात बोळवण. त्यानंतर बिचाऱ्या शेरिल लॅडकडे आम्ही नीट बघितलंच नाही. ती काहीही करो, जिलच्या जागेवर येऊन बसलेलीच वाटायची. पाच-सहा भागांनंतर आमचं बघणं थांबलं, ते दोन वर्षं.

दुसऱ्यांदा थेट दुसरा सीझन लावला. सुरुवातच दुप्पट लांबीच्या ‘एंजल्स इन पॅराडाइज’ने होते. तिघींचा कधीच समोर न येणारा मालक चार्ली, त्याचं अपहरण झालेलं, सगळे हवाईत, आणि जिलची धाकटी बहीण क्रिस (शेरिल लॅड) सॅन फ्रान्सिस्कोहून पोलिसी शिक्षण घेऊन नुकतीच दाखल झालेली. नव्या प्रेक्षकासाठी याहून चांगली वाट मला तरी सुचत नाही. ऑफिसातला तो स्पीकर, त्यातून येणारा चार्लीचा, म्हणजे जॉन फोर्सिथचा आवाज, चार्लीचा मदतनीस बॉस्ली याची लगबग, सगळं क्रिसबरोबर आपणही नव्याने बघतो. ती बिचकते, घाई करते, कधी चुकतेही. सब्रिना तिला सांभाळून घेते, आणि त्या सांभाळण्यात दोघीही आवडू लागतात. पहिल्या सीझनमधल्या तिघी आधीच तयार आहेत. इथे एक जण आपल्यासमोर तयार होते.

रहस्यकथा म्हणून दुसरा सीझन सरस आहे, असं मी म्हणणार नाही. काही भागांत गुन्हेगार फार लवकर ओळखू येतो, आणि क्रिसला बिकिनीत वावरायला लावायची हौस जरा जास्तच आहे. तुम्हाला फॅरा फॉसेटसाठीच ही मालिका बघायची असेल, तर खुशाल पहिल्यापासून घ्या. फक्त शेवटच्या भागानंतर थोडे दिवस जाऊ द्या.

पण नुसती मालिका आवडून घ्यायची असेल, तर माझं मन दुसऱ्या सीझनकडे झुकतं. या क्रमाने जिल आपल्याला आधी क्रिसची ताई म्हणून भेटते: बहिणीच्या बोलण्यातून, मग तिसऱ्या सीझनच्या ‘एंजल कम होम’मध्ये प्रत्यक्ष. सब्रिनाही तिसऱ्या सीझनपर्यंतच आहे. चौथा आणि पाचवा आम्ही थोडा बघून सोडला.

तिसरा संपला त्या रात्री मी डीव्हीडी डब्यात ठेवत होतो. बायको म्हणाली, “आता ताईचा सीझन लावा ना.” स्केटबोर्डचा तो प्रसंग आला तेव्हा आम्ही तो मागे नेऊन पुन्हा बघितला.