खाऱ्या हवेत फ्लॅटवाऊंड : नऊ महिन्यांनंतर

आधी कबुली देतो. गेल्या जूनपर्यंत बेस गिटारच्या फ्लॅटवाऊंड, म्हणजे चपट्या वेष्टणाच्या, तारांना मी 'म्हाताऱ्यांच्या तारा' म्हणायचो. मत बदललं ते आवडीने नाही, गंजाने.

घर रत्नागिरीत, मिऱ्याच्या बाजूला. इथे सायकलची साखळी टिकत नाही, खिडकीची बिजागरी टिकत नाही, तर बेस गिटारच्या तारा काय टिकणार? राऊंडवाऊंडचा, म्हणजे नेहमीच्या तारांचा, नवा सेट पावसाळ्यात माझ्याकडे जेमतेम पाच-सहा आठवडे चालायचा. त्यावर गोल तारेचे वेढे असतात आणि दोन वेढ्यांमधल्या खाचेत घाम, मळ, खारं सगळं जाऊन बसतं. आधी आवाजातली खणखण जाते, मग बोटाला खरखर लागते, आणि एक दिवस सदऱ्याच्या बाहीवर तांबूस रेघ उमटते. पाण्यात उकळून तारा जिवंत करायचा जुना उपायही करून झाला. आईने पातेल्यावरचं झाकण काढलं, आत बघितलं आणि "लोखंडाच्या शेवया कधीपासून आणायला लागलास?" एवढंच विचारलं. चार दिवस बऱ्या वाजल्या. पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

शेवटी स्टेनलेस स्टीलचा फ्लॅटवाऊंड सेट मागवला. ४५ ते १०५ गेज (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), ३४ इंची बेसला बसणारा लांब सेट. साडेतीन हजारांच्या आसपास पडला, म्हणजे माझ्या नेहमीच्या सेटच्या जवळपास दुप्पट. यात वरचं वेष्टण चपट्या पट्टीचं, त्यामुळे तार काचेसारखी गुळगुळीत आणि मळ बसायला खाचच नाही.

पहिल्या तालमीला दोस्तमंडळी हजर होती, तीही बेसवालीच. लांज्याचा म्हणाला, "तारेवर रबर चढवलंस काय?" मालवणवाला म्हणाला, "ह्यो बेस हा काय पखवाज रे मेल्या?" खरं सांगायचं तर पहिले दोन आठवडे मलाही तसंच वाटत होतं. बोट सरकवताना होणारी ती चुईं-चुईं गेली हे बरं झालं, पण तिच्याबरोबर वरची चमकही गेली होती.

मग वाद पेटला. लांज्याच्याचं दैवत 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा बेसवाला जॉन एन्टविसल. राऊंडवाऊंडचा तो पियानोसारखा खणखणीत आवाज रॉकमध्ये रुजवणाऱ्यांतला मोठा माणूस. मी मोटाऊन या अमेरिकन सोल संगीताच्या कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन पुढे केला. तो म्हणे तार तुटेपर्यंत बदलायचाच नाही. आपल्या खिशाचा माणूस! "पण ते रॉक नव्हे," लांज्याचा म्हणाला. तेव्हा हुकमाचं पान टाकलं : आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा बेसवाला स्टीव्ह हॅरिस. एवढं घोडदौडीचं वादन, आणि तारा फ्लॅटवाऊंड, त्याही ५० ते ११० जाडीच्या. लांज्याचा गप्प. मालवणवाला मात्र गप्प बसणाऱ्यातला नाही. "तेच्याकडे तारा बदलूक माणूस आसा. तुझ्याकडे आवस." (आवस म्हणजे आई.)

आता खरी अडचण. या तारा माझ्या जुन्या सेटपेक्षा बऱ्याच ताठ निघाल्या. दहा दिवसांत बेसची मान पुढे वाकली, बाराव्या पडद्यावर तारा उचलल्या गेल्या, करंगळीचा जीव निघाला. ट्रस रॉड (मानेच्या आतला, तिचा बाक सुधारणारा लोखंडी दांडा) पाव-पाव फेरा करत, मध्ये एक-एक रात्र जाऊ देत आवळला. तरी हाताला आराम नव्हता. (घाईत एकदम पूर्ण फेरा मारू नका. रॉडची चाकी घसरली की काम खर्चाचं होतं.) शेवटी चारही तारा अर्धा स्वर उतरवल्या. हेंड्रिक्सच्या काळापासून रॉकवाले हे करत आलेत, त्यात नवीन काही नाही. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून अर्ध्या स्वरात तो ११ टक्क्यांनी घटतो. तेवढ्याने मान सरळ झाली आणि करंगळीही. ज्या उतरवलेल्या सुरात जुन्या तारा सैल पडून पडद्यावर फडफडायच्या, तिथे या नेमक्या बसल्या.

सूर लावताना एक करा : क्लिपचा ट्यूनर चौथी तार मोकळी छेडली तर भंजाळतो, बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला घंटीसारखा स्वर) दिला की पटकन पकडतो.

आमची तालीम आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये. हंगाम संपला की जूनपासून शेड आमची. वर पत्रा, त्यावर आषाढाचा पाऊस, खाली माझा २५ वॉटचा अँप. नेहमीच्या सुरात चौथी मोकळी तार ४१ हर्ट्झची. एवढ्या लहान स्पीकरमधून तो मूळ स्वर फारसा बाहेर येतच नाही, त्याच्या वरच्या पटींवरून (दुप्पट, तिप्पट कंपनांच्या उपस्वरांवरून) कान तो जुळवून घेतो. फ्लॅटवाऊंडमध्ये नेमक्या वरच्या पटी कमी. मी वेड्यासारखा बेसची खुंटी वाढवत होतो आणि नुसता पत्रा थरथरत होता. उलट केलं, बेस कमी, मिड वर, बोटांऐवजी पिक, तेव्हा दोन गिटारींच्या गोंगाटातून बेस वर आला. हे कळायला ऑगस्ट उजाडला, यात माझी हुशारी काही नाही.

आणि मग गणपती. वाडीतल्या भजनात बुवांनी पेटीवर सूर धरला : काळी दोन. अर्धा स्वर उतरवलेली माझी चौथी मोकळी तार म्हणजे नेमकी काळी दोन! नुसता मोकळा षड्ज धरून बसलो. पखवाज, झांजा, आणि खाली हा गोल, न टोचणारा आवाज. राऊंडवाऊंड असती तर झांजांशी भांडली असती. गजर संपल्यावर बुवांनी वळून बघितलं. "ही तंबोऱ्याची मोठी भावंडं काय रे?" मालवणवाल्याला हे अजून सांगितलेलं नाही, पखवाजावरून पुन्हा सुरू होईल.

उणं काय? स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर थाप मारून वाजवणं, विसरा. ती टणक चपराक येतच नाही. पहिली तार बाकीच्या तिघींपुढे बोदी वाटते, सोलोला हात घातला की कळतं. गंज अगदीच नाही असंही नाही : ब्रिजजवळ, तारेच्या टोकाला असते त्या गोळीशी फेब्रुवारीत ठिपके दिसले, आणि ब्रिजचे स्क्रू तर पार लाल झालेत. तो दोष बहुधा बेसचा, तारांचा नव्हे, म्हणून कुठल्याच कंपनीचं नाव लिहीत नाही. वाजवून झालं की सुक्या पंच्याने पुसतो, पिशवीत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. खोबरेल तेल लावा म्हणणारे भेटतील, लावू नका.

नऊ महिन्यांत जुन्या तारांचे निदान चार सेट गेले असते. हा पहिलाच अजून चढलेला आहे आणि बदलावासा वाटत नाही. आता मार्च लागला, शेडमध्ये पेट्या आणि पेंढा आलाय, तालीम थेट जूनमध्ये. जुन्या राऊंडवाऊंडपैकी जाड तार आईने परसात पडवळाच्या मांडवाला बांधली होती. तिचाही गंजून तुकडा पडला.